साडेसातच्या उन्हातली भिंत

धुळ्याच्या आमच्या वसतिगृहाला कधी गिलावा झालाच नाही. १९७३ साली मी तिथं राहायला गेले तेव्हाही नुसतं काँक्रीट होतं, साच्याच्या फळ्यांच्या आडव्या रेघा तशाच उमटलेल्या. पैसे संपले म्हणून राहिलं, असं गावात म्हणत. ते मुद्दाम तसं ठेवलंय, हे आम्हा मुलींनाच माहीत. सकाळी ती भिंत पिठासारखी मऊ दिसायची आणि संध्याकाळी कळण्याच्या भाकरीसारखी काळपट.

यंदा फेब्रुवारीत वसतिगृह चालवणाऱ्या संस्थेच्या सभेचं पत्र आलं. मी अजून सभासद आहे. इमारत धोकादायक, पाडून दुकानांचे गाळे बांधायचे. सोबत इंजिनीअरचा अहवाल आणि पूर्वेच्या भिंतीचा फोटो. त्यात बारा काळे तडे. तिथं सातपुड्याच्या पायथ्याच्या बासष्ट मुली राहतात. त्या कुठं जातील, याची एक ओळही नव्हती.

मी जळगावात पिंप्राळ्याला चाळीस वर्षं स्टुडिओ चालवला. फोटोतल्या सावल्या बघताच म्हटलं, हा साडेअकराचा. त्या वेळी ऊन भिंतीला घासून खाली उतरतं. साच्याच्या फळीची उमटलेली सुतळीएवढी कडासुद्धा बोटभर सावली टाकते.

सभेच्या आदल्या दिवशीच मी कॅमेरा घेऊन धुळ्याला गेले. सभेच्या दिवशी सकाळी वसतिगृहाच्या अंगणात उन्हाची वाट बघत उभी होते, तर स्वयंपाकीणबाई गुंताबाई हसत म्हणाली, "अक्का, भीत काय पयी जाई का? च्या पी ल्या ना आधी!"

"भिंत नाही गं, ऊन पळेल."

साडेसातला ऊन समोरून आलं. अकरा रेघा पुसल्यासारख्या गेल्या. एक मात्र राहिली. तिरपी, खिडकीच्या कोपऱ्यातून निघालेली, तशीच काळी. मी तीनदा फोटो काढला. तो तडा खरा होता.

कॅमेरा जरा डावीकडे वळवला असता तर कुणालाच दिसला नसता. क्षणभर हात वळलाही. पण त्या खिडकीच्या आत चार मुलींच्या खाटा होत्या.

दुपारी वसतिगृहाच्याच माडीवर भरलेल्या सभेत मी फोटो टेबलावर मांडले, तड्यासकट. अध्यक्ष तोताराम नाना मला स्टुडिओ उघडल्यापासून ओळखतात. ते खुर्चीत मागे रेलून हसले.

"हेमलताअक्का, तुम्ही स्थळाच्या फोटोत मुलींच्या तोंडावरचे देवीचे वण गायब करत होतात! आता भिंतीचे तडे गायब करायला निघालात?"

सगळे हसले. मीही हसले, कारण ते खोटं नव्हतं.

"करत होते, नाना. समोरून उजेड टाकला की वण लपतो. भोक लपत नाही. म्हणून तर हा एक राहिलाय. फोटोवर विश्वास नसेल तर खाली चला."

अहवाल लिहिणारा इंजिनीअर राजदीप, तिशीतला मुलगा, माझ्याआधी उठला. भिंतीपाशी मी म्हटलं, "नख घाल." त्यानं पहिल्या रेघेत घातलं, दुसऱ्या, तिसऱ्या. कुठंच शिरेना. तिरप्या रेघेत मात्र त्याच्या खिशातलं कार्ड अर्धं आत गेलं.

"फोटोवरूनच लिहिलं मी," तो हळूच म्हणाला. "भिंतीला हात लावून पाहिलं नाही."

"पण तडा आहे ना!" नाना गरजले.

"आहे," मी म्हटलं. "ती खोली आज रिकामी करा आणि तडा दुरुस्त करा. एका तड्यासाठी बासष्ट जणींना रस्त्यावर काढायला माझी सही मिळणार नाही."

राजदीपनं नानांसमोरच अहवाल परत मागितला. सगळी भिंत तपासून नवा देतो म्हणाला. त्या नव्या अहवालाशिवाय पाडण्याचा ठराव होईना.

नाना गाडीकडे जाताना ओरडले, "पुढच्या सभेला दुसरा इंजिनीअर आणीन!"

"आणा की," मी म्हटलं. "त्यालाही नखं असतीलच."