झोत डावीकडे सरकतोय

मित्रांनो, मला पाहून तुम्ही म्हणाल, हा तर नळीचा तुकडा! पण मी एक जुना झोतमापक आहे. डोळ्यांना न दिसणाऱ्या कणांचा झोत ज्या यंत्रात अफाट वेगाने धावतो, त्याच्या लांबलचक नळीत मला बसवलं होतं. माझ्या आत धातूची चार बटणं आहेत. झोत ज्या बटणाच्या जवळून जाई, त्याचा इशारा जोरात येई. त्यावरून झोत मधोमध आहे की सरकलाय, हे मी सांगत असे.

मला घडवलं ताईने. तिचा धाकटा भाऊ त्याच यंत्रातल्या चुंबकांचा प्रमुख होता. झोताला मधोमध धरून ठेवणं हे त्याच्या चुंबकांचं काम.

पहिल्याच आठवड्यात मी सांगितलं, झोत डावीकडे सरकतोय. भाऊ हसला.

"ताई, तुझा हा मापक थापा मारतोय. माझे चुंबक जागेवर आहेत."

"तपासलेस?"

"तपासायचं काय त्यात? मीच बसवलेत."

झालं! जो तो माझ्याकडे संशयाने पाहू लागला. कुणी माझ्या तारा हलवून बघे, कुणी टिचकी मारून विचारी, "काय रे खोटारड्या, आज झोत कुठे सरकला?" मलाही त्यांची पावलं वाजली की वाटे, आता हे मला भंगारात टाकणार. पण खरं दुःख वेगळंच होतं. ताईलाही माझी शंका येऊ लागली होती.

तिने यंत्र थांबवून मला बाहेर काढलं, टेबलावर ठेवलं. माझ्या पोटातून एक बारीक तार ताणली आणि झोताच्या जागी तिच्यातून इशारे सोडले. तार मधोमध होती. मी मधोमध म्हणालो. तिने ती उजवीकडे सरकवली. मी उजवीकडे म्हणालो. ताईने सुटकेचा निःश्वास सोडला.

"टेबलावर सगळेच शहाणे असतात," भाऊ म्हणाला. "यंत्र सुरू कर."

"नाही. झोत नळीला लागला तर भोक पडेल, सगळ्यांची मेहनत पाण्यात जाईल. आधी तुझ्या चुंबकांच्या जागा मोजून बघ."

तो पाय आपटत गेला. परतला तेव्हा त्याचा चेहरा उतरला होता.

"एका चुंबकाचा पाय सैल आहे, ताई. चुंबक केसभर डावीकडे सरकलाय. तो पाय मीच आवळला होता."

ताईने पाना उचलला. "चल, मी धरते."

मित्रांनो, आता माझ्या जागी नवे मापक आलेत आणि मी कपाटात धूळ खातोय. माझं एवढंच मागणं आहे: शंका जरूर घ्या, माझ्यावरही घ्या. पण शंका घेतलीत, तर तपासायचे कष्टही घ्या. आणि सुरुवात आपल्या हातच्या कामापासून करा.