काठोकाठ प्याला

बिश्केकच्या त्या कचेरीतला वेब-सर्व्हर जापार अगायांनी, म्हणजे तिथल्या बोलीत जापार सरांनी, स्वतः घडवला होता. त्याच्या पोटात काय चालले आहे हे जाणण्याचा अधिकार, त्यांच्या मते, दोघांनाच होता: एक ते स्वतः, दुसरा परमेश्वर, त्यातही परमेश्वराने आधी कळवून यावे.

बेगिमायची नोकरी मात्र याच गुपितावर टांगलेली होती. गर्दी वाढली की नव्या लोकांना अदबीने बाहेर थांबवील असे मॉड्यूल सर्व्हरला जोडण्यासाठी तिला तात्पुरते घेतले होते. उद्या सकाळी विद्यापीठ-प्रवेशाचे निकाल लागणार होते. सर्व्हर आडवा झाला की तीही घरी. आणि येणाऱ्यांना उत्तरे देणारे सर्व्हरचे किती हात गुंतलेत हे कळल्यावाचून थांबवायचे कुणाला?

"स्थितीचं पान आहे ना? चारचौघांसारखं तिथे जाऊन विचार," अगाय म्हणाले.

"अगाय, ते पान दाखवायलाही एक हात मोकळा लागतो. सगळे गुंतले की माझं मॉड्यूल रांगेत उभं राहतं, रांग केवढी आहे ते विचारायला! नंबर लागतो तोवर गर्दी ओसरलेली, मग उत्तर काय? गर्दी नाही!"

"शिस्त आहे ती. आज तुला आत घेतलं, तर उद्या प्रत्येक फुटकळ मॉड्यूल आत हात घालेल."

"हात नको. खिडकी द्या. बघायचं, शिवायचं नाही."

उत्तरादाखल अगायांनी चहादाणी उचलली आणि तिचा रिकामा प्याला काठोकाठ भरला. तिथली रीतच तशी: पाहुणा हवा असेल तर अर्धाच प्याला, पुन्हा पुन्हा. काठोकाठ म्हणजे आता उठा.

बेगिमाय उठली नाही.

"माझा प्याला रिकामा झाला, हे मी सांगितलं तुम्हाला?"

"डोळे आहेत मला."

"मग माझ्या मॉड्यूललाही द्या की! का त्यानं दर वेळी दार वाजवून विचारावं, यजमान, जागा आहे का?"

अगायांच्या घशातून संमती आणि खोकला यांच्या सीमेवरचा एक आवाज निघाला. संध्याकाळपर्यंत त्यांनी गुंतलेल्या हातांची मोजदाद मॉड्यूलांना थेट दिसेल अशी उघडली, वाचण्यापुरतीच. आणि वर शेरा मारला: 'शिवणाऱ्याची बोटे झडोत.'

सकाळी लोंढा आला, आणि त्यापाठोपाठ घरून अगायांचा फोन.

"अगं ए! भाचीचा निकाल बघायला गेलो, तर म्हणतं, कृपया थांबा! मला?"

"तुमच्याच सर्व्हरनं सांगितलं, जागा नाही."

"मी बनवलाय तो!"

"नाती बघायची खिडकी कुठे दिलीत तुम्ही? मोजदादीचीच दिलीत."



"उभा आहे ना तो?"

"ठणठणीत."

"मग मीही राहतो उभा," अगाय गुरगुरले.

दुपारी कचेरीत येताच त्यांनी तिच्यापुढे प्याला सरकवला. चहा अर्धाच होता. बेगिमायने तो एका घोटात संपवला आणि रिकामा प्याला मुकाट्याने होता तिथेच ठेवला. डोळे असल्याचा दावा तिने नव्हे, अगायांनी केला होता.