प्लेऑफ जिंकलेला माणूस

आमच्या गावात अमेरिकन फुटबॉलच्या हंगामातले सगळे सामने जिंकणाऱ्यालाही कुणी हिंग लावून विचारत नाही. नोव्हेंबरातले बाद सामने, म्हणजे प्लेऑफ, तेवढेच खरे. संघ जिंकला तर क्वार्टरबॅक, म्हणजे चेंडू फेकणारा गडी, जिंकला, आणि हरला तर खापरही त्याच्याच डोक्यावर. चेंडू त्याच्या हातून सुटतो हे खरं, पण बाकीची दहा पोरं काय मैदानातलं गवत उपटायला उतरलेली असतात?

कटलर्स फेरी हायस्कूलने प्लेऑफचा सामना आजवर एकदाच जिंकलाय. म्हणून मैदानाच्या भिंतीवर एकच नाव रंगवलंय, ड्वेन हल्को. हा माझा नवरा. ट्रक घेऊन घरोघरी गॅस पोचवतो, आणि दर टाकीमागे एकदा तरी त्याला तो सामना सांगावा लागतो.

सामना असा झाला. पहिल्या काही मिनिटांतच समोरचे दोन धटिंगण ड्वेनवर पडले आणि त्याच्या गळ्याचं हाड मोडलं. त्याला अँब्युलन्समधून नेलं. मी तेव्हा त्याची मैत्रीण, म्हणून रडत रडत मीही आत चढले. आपला संघ चौदा गुणांनी मागे होता. ड्वेनच्या जागी उतरला माझा धाकटा भाऊ लीलँड. दहावीतला, हेल्मेटसुद्धा डोक्यावर धड बसेना. त्याने सामना फिरवला. ड्वेनने तो विजय हॉस्पिटलात, एक्स-रेसाठी आडवा पडून, रेडिओवर ऐकला.

पण आमच्याकडे जो क्वार्टरबॅक सामना सुरू करतो त्याच्याच नावावर निकाल लागतो. ड्वेन एक-शून्य, म्हणजे एक विजय, शून्य पराभव. पुढच्या शनिवारी लीलँडने सामना सुरू केला आणि हरला. दोन वर्षांनी पुन्हा हरला. त्या दिवशी त्याने अडतीस गुण मिळवून दिले होते, पण बचावाला उतरणाऱ्या आपल्या दुसऱ्या पोरांनी समोरच्यांना चव्वेचाळीस करू दिले. लीलँड शून्य-दोन. सगळं गाव तिन्ही सामन्यांना हजर होतं. डोळ्यांनी पाहिलं ते खोटं आणि भिंतीवरचं खरं, अशी इथली माणसं.

लीलँड पुढे त्याच शाळेत गणित शिकवायला लागला आणि संघाचा सहायक कोच झाला. पोरांना घरी बोलावून जेवू घालतो, उन्हाळ्यात स्वतः मैदानावर चुन्याचे पट्टे मारतो. लग्न केलं नाही. त्याला आयुष्यात एकच गोष्ट हवी होती, मुख्य कोचची जागा. यंदा म्हातारे कोच फ्लोरिडाला निघून गेले आणि त्याने अर्ज केला.

मी डायनरमध्ये कॉफी वाढते, त्यामुळे गावाचं मत मला सकाळीच कळतं. कोच नेमणाऱ्या शाळा मंडळाचा अध्यक्ष वर्नन टिडबॉल. त्याचा धंदा अंत्यविधींचा, म्हणून सगळ्यांशी गोड बोलतो.

"पोरगा गुणी आहे गं तुझा भाऊ," तो अंडी खाता खाता म्हणाला. "पण नोव्हेंबर आला की हात थरथरतात त्याचे."

"चव्वेचाळीस गुण काय त्याने करू दिले? तो तेव्हा बाकावर पाणी पीत होता."

"जिंकणारा कसंही करून जिंकतो, रोझॅन. तुझ्या नवऱ्यालाच विचार."

"माझा नवरा कसा जिंकला ते तूही पाहिलंयस, वर्नन."

"सुरुवात त्यानेच केली ना?" असं म्हणून त्याने कप पुढे केला. ती कॉफी त्याच्या मांडीवर ओतावी असं फार वाटलं.

मंडळाने ठरवलं, ड्वेनने सभेत येऊन सांगावं, लीलँडमध्ये दम आहे की नाही. सभेच्या आदल्या संध्याकाळी मी त्याला जेवणावरच गाठलं.

"खरं सांगशील?"

"खरं काय? रेकॉर्ड माझ्याच नावावर आहे."

"आयत्या बिळावर नागोबा आहेस तू. उद्या नाही बोललास तर तुझं जेवण तुझं तू बघ."

तो बटाटे चिवडत बसला.

सभा शाळेच्या जेवणघरात होती. लीलँड इस्त्रीचा शर्ट घालून पहिल्या ओळीत बसला होता. ड्वेन उठला, टोपी काढली आणि म्हणाला, "मी त्या दिवशी एकच चेंडू फेकला, तोही समोरच्यांनी पकडला. मग माझं हाड मोडलं. सामना लीलँडने जिंकलाय. मी हॉस्पिटलात होतो. कोच त्यालाच करा."

इतक्या वर्षांच्या संसारात मला हा माणूस एवढा कधी आवडला नव्हता.

मग वर्नन उठला. त्याच्या डोळ्यांत पाणी होतं. "बघा मंडळी! याला म्हणतात जिंकणारा. स्वतःचा विजयसुद्धा दुसऱ्याला देऊन टाकतो!"

टाळ्यांचा कडकडाट झाला. मागून कुणीतरी ओरडलं, "अरे, मग ड्वेनच का नको कोच?"

"काहीतरीच काय," ड्वेन म्हणाला. "मला काय येतंय त्यातलं?"

"जिंकता येतं ना!"

लोक उभे राहिले. बाया, माणसं, पोरं, सगळी ड्वेन, ड्वेन करायला लागली. लोक त्याला हरभऱ्याच्या झाडावर चढवत होते आणि मी समोरून पाहत होते. आधी तो हसला, मग मान खाली घातली, मग हळूहळू ताठ झाला. मी त्याच्याकडे रोखून पाहिलं. त्याने माझी नजर टाळली.

"मला दोन दिवस द्या," तो म्हणाला. "विचार करून सांगतो."

मला नवऱ्याची इतकी लाज वाटली की मी त्याच्या ट्रकमध्ये बसलेच नाही. लीलँडच्या गाडीत बसले. पुलापर्यंत मी मनातल्या मनात ड्वेनला शिव्या घालत होते, वर्ननला घालत होते, गावाला घालत होते. लीलँडही तेच करत असेल असं मला वाटलं.

"रोझॅन," तो म्हणाला, "ड्वेन मला सहायक म्हणून ठेवेल ना गं?"

"ठेवेल," मी म्हणाले. "तुझ्याशिवाय त्याला तिथं काय जमणार आहे?"