पाटावर पुजलेली डिस्क

चातुर्मासात सुनेत्राने एक नेम धरला होता. सकाळची देवपूजा झाली की गिरणी कामगारांच्या यादीत अकरा नावं चढवायची, आणि मगच चहाचा घोट घ्यायचा. परळच्या चाळीत पुढच्या खोलीत तिचा कॉम्प्युटर होता. त्यावर ती टायपिंगची कामं घ्यायची. तीन वर्षं चाळीचाळींतून हिंडून तिने सहाशे बावन्न नावं गोळा केली होती, गिरणी, खातं, बिल्ला नंबर यांसकट. गिरण्यांच्या संपाला वीस वर्षं उलटली होती. निम्मी माणसं गावी, कितीतरी देवाघरी. इतकी नावं एकत्र दुसऱ्या कुणाकडेच नव्हती, आणि उद्या गुरुवारी ती कामगारांना घरं देण्यासाठी नेमलेल्या समितीसमोर ठेवायची होती.

तिचा नवरा दगडू वीस वर्षं साच्यावर होता. साचा म्हणजे विणायचा माग. पण त्याने स्वतःचं नाव काही यादीत येऊ दिलं नव्हतं. "याद्या खूप बघितल्या. माझं नाव नको त्यात," म्हणायचा.

जुनी हार्डडिस्क कटकट वाजायला लागली, तेव्हा दादरच्या कॉम्प्युटर दुरुस्तीवाल्या मनमोहनने सगळं नव्या डिस्कवर उतरवून दिलं. उतरवून होताच जुनी कायमची बंद पडली. नवी बसवायला तो येणार होता, पण सुनेत्राच म्हणाली, "मागच्या वेळी बघितलंय मी. एक चपटी पट्टी, एक विजेची वायर. मी बसवते."

आज सकाळी तिने डिस्क पाटावर ठेवली, हळदकुंकू वाहिलं, अक्षता टाकल्या, नमस्कार केला, मग पट्टी आणि वायर जोडून स्क्रू आवळले. बटण दाबलं. पडदा काळा, वर पांढरी इंग्रजी ओळ: चालू करण्याजोगी डिस्क सापडत नाही.

पुन्हा दाबलं. तीच ओळ.

तिने मनमोहनला फोन लावला.

"काकी, मी गावच्या एसटीत बसलोय हो. दुकानात बंडू आहे, त्याच्याकडे द्या. फॉरमॅट मारून नव्यानं टाकेल."

"फॉरमॅट म्हणजे पुसायचं ना?"

"हां, म्हणजे... पण कॉम्प्युटर तर चालू होईल."

"मला कॉम्प्युटर नकोय रे बाबा. यादी हवीय." आवाज नेहमीसारखाच हळू. फोन ठेवून तिने पदर खोचला.

दगडू दारात पेपर वाचत होता. "काय गो, देव पावला नाय वाटतं?"

"अहो, चेष्टा नंतर करा. साचा बंद पडला की आधी काय बघायचात?"

त्याने पेपर खाली ठेवला. असं तिने आजवर कधी विचारलं नव्हतं.

"सगळं खोलायचं नाय. करंट कुठपर्यंत येतो ते बघायचं. तिथून पुढं एकेक."

तिने बटण दाबून डिस्कच्या कडेला बोट टेकवलं. आतून बारीक थरथर आली. "फिरतेय."

"म्हणजे करंट आहे. मग पट्टी बघ."

तिने कॉम्प्युटर बंद करून प्लग काढला आणि पट्टी अंगठ्याने दाबली. हलेना. अजून जोर देणार, तोच दगडू ओरडला, "जोर नको! जोरानं साच्यावरचे धोटे मोडलेत मी."

तिने टॉर्च आणला. पट्टीचं एक टोक आत बसलं होतं, दुसरं किंचित वर. जेमतेम तांदळाएवढं. तिने पट्टी अलगद उपसून काढली आणि डिस्कच्या खाचेत उजेड टाकला. पिनांच्या रांगेच्या तळाशी कुंकवाने लाल झालेला अख्खा दाणा आडवा बसला होता.

अक्षत.

सुनेत्राला कानापर्यंत गरम झालं. दगडू वाकून बघून फिदीफिदी हसला. "अरे देवा! तुझ्या देवानंच पाय आडवा घातला की गो!"

"देवानं नाही. माझ्या हातानं. त्याच्या नावावर घालू नका." तिने झाडूतला एक हीर काढला. पिन एकही वाकता कामा नये. श्वास धरून तिने दाणा कडेकडेने सरकवला. दोनदा परत घरंगळला. तिसऱ्यांदा तळहातावर पडला. तो तिने तुळशीत ठेवला, खाचेवर फुंकर मारली, पट्टी दोन्ही टोकांनी सारखी दाबली. टक्.

प्लग लावून तिने बटण दाबलं. या वेळी ओळ आली नाही. पडदा उजळला. यादी उघडली: सहाशे बावन्न, जशीच्या तशी.

ती लगेच टाइप करायला बसली. माणसांकडून भरून आणलेले दहाच फॉर्म हातात होते. दहा नावं चढली आणि बोटं थांबली.

"आता घे की चहा," दगडू म्हणाला.

"अकरा व्हायचीत."

त्याने पेपरची घडी घातली. मग खुर्ची ओढून शेजारी आला. "बिल्ला नंबर चार हजार सतरा. साचेखातं. टाक."

"नाव?"

"तुला ठाऊक नाय?"

"तोंडानं घेत नाही मी."

"मग बोटानं घे."

सुनेत्राने डोक्यावरचा पदर सारखा केला आणि एकेक अक्षर जपून टाइप करू लागली. चहाचं आधण दगडूने ठेवलं.