घोट्यावरची शाईची खूण

मी एक जुनी काचेची नळी आहे, मित्रांनो, आणि माझ्या नशिबी आले उंदरांचे पाय. डहाणू रोडच्या एका फार्मसी कॉलेजात माझ्या पोटात पारा भरला गेला. पांढऱ्या उंदराचा सुजलेला पाय माझ्यात बुडवायचा. पारा जितका वर चढेल तितकी सूज जास्त. त्या पायांना लागलेली लेंडी, मूत, केस, सगळे माझ्याच तोंडी. मला कधी कोणी हौसेने धुतले नाही. किळस गिळतच मी म्हातारी झाले.

मग झरी गावची सुनिता संशोधनाला आली. ती मला रोज घासून लख्ख करी. आपल्या पेशींत न्यूक्लिओसाइड नावाचे इवलेसे रेणू असतात. सुनिता त्यांना कधी एक, कधी दुसरा तुकडा जोडून सुजेवरची नवी औषधे बनवत होती. अशी बारा झाली. आता पाळी माझी.

समुद्रातल्या शेवाळाची पूड पाण्यात कालवून उंदराच्या पायात टोचली की पाय सुजतो. घोट्यावर शाईची खूण करतात आणि दर वेळी पाय तिथपर्यंतच बुडवतात. पण उंदीर ती खूण चाटून टाकतात. सात नंबरचे औषध दिलेल्या सहाही उंदरांनी ती चाटली, तेव्हा सुनिताचे मार्गदर्शक, नविन सर, मागेच उभे होते.

"खूण जरा खाली काढ," ते म्हणाले. "सूज तळव्यालाच असते."

"सर, सकाळी वर होती."

"कोण बघायला येतंय? पेपर परवा जर्नलला पाठवायचाय."

सुनिताने मान खाली घातली आणि खूणही खाली काढली. पाय कमी बुडाला, पारा कमी चढला. सूज निम्म्याने उतरली, असे माझ्याच तोंडून वदवून घेतले. त्या दिवशी मला पहिल्यांदा स्वतःची किळस आली. संध्याकाळी सरांनी पेढे वाटले.

पिंजरे साफ करणारी लाडकीमावशी पेढा घेऊन सुनिताजवळ आली. "बाय, त्या औषधातली चिमूटभर माना दे. माजा गुडघा पार टम्म झालाय." मग तिची नजर पिंजऱ्यात गेली. "पन याचा पाय तं अजून तसाच सुजलेला हाय."

सुनिताच्या हातातला पेढा तसाच राहिला.

आठवड्याने तिने नवे सहा उंदीर घेतले, त्यांनाही सात नंबरच दिले. खूण घोट्याच्या हाडावर. चाटली की पुन्हा त्याच हाडावर. पारा सरसर चढला. सात नंबर कुचकामी निघाले.

"सर, पेपर मागे घ्या," ती म्हणाली.

"तुझं एक वर्ष फुकट जाईल, सुनिता."

"जाऊ दे. मावशी ते खायला मागत होती."

पेपर मागे घेतला गेला. पुढे कॉलेजने नवे यंत्र घेतले आणि माझा पारा ओतून मला कपाटात टाकले. तळाशी मळ वाळला आहे, त्यात एक पांढरा केस चिकटला आहे.

मित्रांनो, मला कोणी धुतले तर बरे वाटेल. नाही धुतले तरी मला घाणीची सवय आहे. पण मुक्या जिवाचा पाय सुजवलाच, तर त्याची सूज खरी मोजा. त्या एका खोट्या खुणेपायी आणखी सहा उंदरांचे पाय सुजवावे लागले, आणि लाडकीमावशीचा गुडघा अजून तसाच आहे.