आमचा वार कुठला?

लव्हॉन स्टिडमच्या सलूनमध्ये त्या दिवशी कुणाचेच केस धड कापले गेले नाहीत. कात्री हातात, पण बाईचं सगळं चित्त संध्याकाळच्या सभेकडे. मिसेस पर्डींच्या कपाळावरची झुलपं एका बाजूला चढली, दुसऱ्या बाजूला उतरली. म्हातारीनं आरशात पाहिलं आणि हसून म्हणाली, "असू दे गं पोरी. आज तुझे हात देवाच्या कामाला लागलेत. केसांचं काय, वाढतील परत."

ओक्लाहोमातल्या डव्ह क्रीक गावात चर्चं मोजायला बोटं पुरत नव्हती, शाळा मात्र एकच. तिच्या मंडळावरची एक जागा मध्येच रिकामी झाली, तेव्हा पास्टर रॉइस हॅडलींनी भरल्या चर्चमध्ये लव्हॉनला पुढं बोलावलं, तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि गरजले, "ही आपली उमेदवार!" मग काय, चर्चच्या बसगाड्या गल्लीबोळांतून फिरल्या, म्हाताऱ्याकोताऱ्यांना घरातून उचलून मतदानाला नेलं, आणि केस कापणारी लव्हॉन उरलेल्या एका वर्षासाठी मंडळावर जाऊन बसली. पाच जणांच्या मंडळात आता तीन माणसं पास्टरांची. आज त्यांचा ठराव येणार होता: रोज सकाळी शाळेच्या लाउडस्पीकरवरून प्रार्थना.

लव्हॉनला राजकारणाची हौस नव्हती. तिला प्रार्थनाच हवी होती. तिचा थोरला भाऊ धान्याच्या कोठीत गाडला जाऊन मेला, तेव्हा ती तिसरीत होती. दुसऱ्या दिवशी वर्गात कुणी तिच्याशी बोलेना, कुणी नजरेला नजर देईना. शेवटी बाईंनी तिचा हात हातात घेतला आणि हळूच देवाचं नाव घेतलं. तेवढ्यानं तिच्या छातीवरचा दगड हलला होता. गावातल्या प्रत्येक पोराला असं कुणीतरी हवं, एवढंच तिचं म्हणणं होतं.

"सभेला निघालीस की लग्नाला?" तिचा निळा झगा बघून नवऱ्यानं, कर्टिसनं, डोळे मिचकावले.

"चेष्टा नको करूस. सकाळपासून पाण्याचा घोटसुद्धा घेतलेला नाही मी."

"मग दोन घास खाऊन जा. उपाशी पोटी इतिहास घडवायचा नसतो."

तिला कुठलं खायला सुचतंय!

मंडळाची खोली पुरणार नव्हती, म्हणून सभा शाळेच्या जेवणघरात ठेवली होती. तेही फुटायच्या बेतात होतं. टल्सा शहरातून टीव्हीवाल्यांची गाडी आलेली. फुटबॉलचे कोच, बँडची पोरं, अख्खी चर्चं कुटुंबकबिल्यासह हजर. 'देवाला शाळेत परत आणा' असे फलक उंचावलेले. लव्हॉन आत शिरली तशी टाळ्यांचा असा कडकडाट झाला की तिच्या कानशिलापर्यंत रक्त चढलं.

पास्टर हॅडली बोलायला उभे राहिले. उंचापुरा माणूस, आवाज ढोलासारखा. पुढच्या वर्षी ते आमदारकीला उभे राहणार हे आता उघड गुपित होतं. "आज डव्ह क्रीक!" ते गरजले. "उद्या सगळं ओक्लाहोमा! आणि परवा?"

"वॉशिंग्टन!" जेवणघर दणाणलं. लव्हॉनही ओरडली, घसा बसेपर्यंत ओरडली.

अध्यक्ष वेंडेल क्राउस गुराढोरांच्या खाद्याचं दुकान चालवायचे. लुथरन पंथाचा माणूस, बोलणं कोरडं ठणठणीत. ते म्हणाले, "वकिलांचं म्हणणं आहे, हा ठराव झाला तर आपल्याला कोर्टात खेचतील."

"खेचू दे!" पब्लिक ओरडलं.

"खेचू दे म्हणायला सोपं आहे. असो. लोकांपैकी कुणाला बोलायचंय?"

मागून एक ठेंगणी बाई गर्दीतून वाट काढत माईकपाशी आली. पायात रबरी बूट, कपाळावर केसांच्या जाळीचा वळ अजून तसाच. कामाची पाळी संपवून तडक आलेली दिसत होती.

"मी ग्रासिएला ओंतिवेरोस. कोंबड्यांच्या कारखान्यात असते. माझी तिन्ही मुलं याच शाळेत आहेत. मला ठराव फार आवडला."

टाळ्या पडल्या. पास्टरांनी मान डोलावली.

"फक्त एक विचारायचं होतं. आमचा वार कुठला?"

"कसला वार?" क्राउसनी चष्म्यावरून पाहिलं.

"अहो, रोज प्रार्थना होणार ना? मग सगळ्यांच्या पाळ्या लावाल की. आम्ही कॅथलिक, आमच्या घरी सकाळी मारियामातेची प्रार्थना होते. माझ्या धाकटीला तोंडपाठ आहे. माईकवर म्हणायला मिळणार म्हणून पोरगी काल घरभर नाचली. आम्हाला मंगळवार चालेल."

मागं कुणीतरी फिसकन हसलं.

"सिस्टर," पास्टर गोड आवाजात म्हणाले, "प्रार्थना आमच्या चर्चची समिती लिहून देईल. आणि मारियेला हाका मारणं म्हणजे काही प्रार्थना नव्हे."

"नव्हे?" ग्रासिएलाला खरोखरच कळेना. "मग मी सकाळी करते काय?"

"तुझ्या देशात जाऊन कर!" मागून एक आवाज आला.

"हाच माझा देश," ती म्हणाली. चिडून नाही, पत्ता चुकलेल्याला घर दाखवावं तशी.

मग मात्र कल्लोळ उडाला. "तिला मंगळवार, तर आम्हाला गुरुवार द्या!" एक मेथडिस्ट म्हातारा बाकावर चढला. "लुथरनांनी काय घोडं मारलंय?" दुसरा ओरडला. "समिती तुमची का म्हणून? कर आम्हीपण भरतो!" घटकेपूर्वी एका सुरात ओरडणारी माणसं आता एकमेकांवर बोटं रोखत होती. टीव्हीवाला खुर्चीवर उभा राहून कॅमेरा फिरवत होता.

लव्हॉन ग्रासिएलाकडे बघत होती. बाई माईकपाशी तशीच उभी. हसू अजून ओठांवर होतं, फक्त आता त्याचं काय करायचं हे तिला समजत नव्हतं.

लव्हॉन उठली. "मी दुरुस्ती मांडते!"

"सिस्टर लव्हॉन, खाली बसा," पास्टर म्हणाले.

"रोज एका घरची प्रार्थना. पाळीपाळीनं. ज्याला म्हणायची नसेल त्यानं गप्प बसावं."

"लव्हॉन, अहो तुम्ही काय बोलताय कळतंय का?"

"पास्टर, शाळेत प्रार्थना हवी असं तुम्हीच म्हणालात ना? ही बाई प्रार्थना घेऊन दारात आलीय. तिला काय सांगू, की घर चुकलं?"

अध्यक्ष क्राउसनी आधी तिच्याकडे, मग पास्टरांकडे पाहिलं, आणि त्यांच्या मिशीखाली काहीतरी हललं. त्यांनी हात वर केला. पलीकडे बसलेल्या, मंडळावरच्याच एका निवृत्त परिचारिकेनंही केला. लव्हॉनचा धरून तीन. दुरुस्ती मंजूर झाली!

"आम्ही ठराव मागे घेतो!" पास्टर ओरडले.

"तुम्ही मंडळावर नाही, पास्टर. मागे कसा घ्याल?" क्राउस शांतपणे म्हणाले. "आता मूळ ठराव, दुरुस्तीसकट. बाजूनं कोण?"

मंडळावरच्या चर्चच्या दोघांनी हात मांडीखाली दाबून धरले. पास्टर मान हलवत होते, नको, नको. क्राउसना आणि परिचारिकेला ठराव पहिल्यापासूनच नको होता. साऱ्या जेवणघरात एकच हात वर होता, निळ्या बाहीतला. प्रार्थनेच्या बाजूनं एकटी लव्हॉन! ठराव आपटला.

बाहेर वारा सुटला होता. ग्रासिएला लव्हॉनच्या मागं धावत आली. "पडला ना?"

"पडला."

"पण तुमचा हात वर होता. पोरीला सांगते मी."

लव्हॉनला हसू आलं आणि रडूही आलं. कर्टिसनं गाडीचं दार उघडलं. "चल. आता तरी खाशील ना काही?"

रविवारी पास्टरांनी भर चर्चमध्ये जाहीर केलं, येत्या एप्रिलला मंडळाच्या निवडणुकीत आपण अढळ श्रद्धेचा माणूस उभा करू. माना लव्हॉनच्या बाकाकडे वळल्या. तिला बसवेना. ती उभी राहिली. "मीपण उभी राहणार, पास्टर. याच बाकावरून."

सलूनमधल्या निम्म्या खुर्च्या रिकाम्या पडल्या. पण रात्रपाळीहून सुटलेल्या कारखान्याच्या बायका केस कापायला यायला लागल्या. लुथरन आल्या, मेथडिस्ट आल्या, आणि मिसेस पर्डी तर दर आठवड्याला यायच्या. म्हणायच्या, "मत कुणाला ते विचारू नकोस. झुलपं मात्र या खेपेला सरळ काप."

एप्रिलमधल्या मतदानाच्या मंगळवारी अग्निशमन दलाच्या शेडमध्ये निकाल वाचला गेला, तेव्हा लव्हॉननं कर्टिसचा दंड असा आवळला की वळ उठले. नाव आलं तिचं! निसटतंच, पण तिचंच. ग्रासिएलाच्या धाकटीनं आनंदाच्या भरात बंबाची घंटा वाजवून टाकली, आणि मोठमोठी माणसं पोरांसारखी उड्या मारू लागली. तिच्याच चर्चमधल्या कितीतरी जणांनी गुपचूप तिला मत दिलं असणार. त्याशिवाय हे आकडे जुळत नव्हते.

गर्दीतून पास्टर हॅडली आले. चेहरा लाल, पण हात पुढं केलेला. "अभिनंदन, सिस्टर."

तिनं दोन्ही हातांनी तो हात धरला. "उद्या चर्चच्या बुधवारच्या जेवणाला येतेय, पास्टर. गोडाला पीचचं कॉबलर करू की सफरचंदाचं?"

पास्टरांनी हात सोडवून घेतला नाही. "पीचचं," ते म्हणाले.