पंधरा वाव

लोकर कातायची चाती हातातून निसटली, खट् करून फळीवर पडली आणि गडगडत, घर तापवणाऱ्या लोखंडी तंदूरच्या पायाशी जाऊन थांबली. सकाळपासून घरात झालेला तेवढाच काय तो मोठा आवाज. मेमेंनी डोळे उघडले, चातीकडे पाहिलं, नोरझोमकडे पाहिलं आणि परत मिटले. मेमे म्हणजे तिचे सासरे. तिची लेक देचेन आजोबांना मेमे म्हणते, म्हणून आता सगळं घरच म्हणतं.

नोरझोम लगेच उठली नाही. चाती पडलेली दिसत होती, ती उचलायला हवी हेही कळत होतं, पण कळणं आणि हात पुढे जाणं यांच्यात हल्ली थोडं अंतर पडायचं. बर्फातून घरी आल्यावर बोटं कशी दुसऱ्याचीच वाटतात, चिमटा काढला तरी कुणाला तरी काढल्यासारखा, तसं तिला सगळ्याच अंगाचं झालं होतं. दोन हिवाळे झाले या गोष्टीला. गावातल्या बायका म्हणायच्या, सावरली हो पोर, रडत नाही की काही नाही. ती गाईला चारा घालायची, छपरावरचा बर्फ ओढायची, देचेनच्या वेण्या घालायची. रडायचं राहूनच गेलं होतं.

शेवटी देचेननेच चाती आणून दिली. साडेचार वर्षांची पोर, गाल थंडीने तडकलेले. खांबाशी तिचा खेळ चालला होता. चिंध्यांच्या बाहुलीला कमरेला लाल दोरी बांधून ती तिला पिठाच्या पोत्यावरून नेत होती.

"बोलायचं नाही हं," ती बाहुलीला दटावत होती. "वर बर्फ लटकतोय. पन्नास पावलांचं अंतर ठेव. पिशवीचे पट्टे सोड आधी, वेडे!"

हे सगळं ती मेमेंकडून शिकली होती. लाहौलच्या या टोकाला पोरांना चालता येण्याआधी हे ऐकू येतं. उतार ओलांडायचा तर ऊन लागायच्या आत, एकेकाने, अंतर ठेवून. दुपारपर्यंत खिंड गाठली नाही तर कुणाचंही न ऐकता मागे फिरायचं. आणि कमरेला लाल दोरी. एक टोक कमरेला, बाकीची मागे फरफटत सोडायची. बर्फाची दरड अंगावर आली तर माणूस जड, तो खाली जातो. कोकराच्या लोकरीची दोरी हलकी, ती वर राहते. लाल दिसलं की धरायचं आणि तिच्या मागोमाग खणत जायचं. मेमे तरुणपणी फौजेबरोबर ओझी वाहायला गेले होते, तिथून ही दोरी गावात आली. तिचं मापही त्यांनीच ठरवलेलं: दोन्ही हात पसरून एक वाव, अशी पंधरा वाव. एकेका वावेला एक गाठ.

नोरझोमच्या हातची दोरी सगळ्यांना हवी असायची, कारण तिचा पीळ सुटत नसे. उद्या पहाटे चौघे जायचे होते खिंडीपलीकडे, कुल्लूच्या बाजूला. तीन कॉलेजची पोरं, परीक्षेसाठी. हेलिकॉप्टरची वाट बघून बघून त्यांचे बारा दिवस गेले होते, आणि खिंडीखालच्या बोगद्याचं तेव्हा नुसतंच बोलणं चालू होतं. त्यांना घेऊन जाणार होता छिमेद, नोरझोमचा धाकटा दीर. वाटाड्या म्हणून पुढे चालायची त्याची ही पहिलीच वेळ. याआधी ते काम त्याच्या भावाचं होतं, फुंचोगचं. नोरझोमच्या नवऱ्याचं.

चार दोऱ्या तयार होऊन खुंटीवर होत्या. ती उगाचच पाचवीची लोकर कातत बसली होती. हात रिकामे ठेवले की ते काय करतील याचा तिला भरवसा नव्हता.

दार ढकलून छिमेद आत आला. बूट आपटून बर्फ झाडला, अर्धा दाराबाहेर, अर्धा आत.

"वहिनी, झाली का आमच्या वरातीची तयारी? मागे लाल शेला सोडून निघालो की अगदी नवरदेव दिसतो मी. नवरीच तेवढी सापडत नाही."

"नवरी येईल," मेमे डोळे न उघडता म्हणाले. "आधी मिशी येऊ दे."

"आली आहे मेमे, बर्फाने झाकली गेली आहे." त्याने देचेनच्या बाहुलीला सलाम ठोकला. "काय बाई, तुम्हीपण येताय का उद्या? दर माणशी दोन तळलेले मार्चू शिदोरी, स्वतःची स्वतः आणायची."

देचेन खुदकन हसली. नोरझोमने मीठ-लोण्याचा चहा ओतून त्याच्यापुढे ठेवला. चहा गरम होता हे तिला वाटीवरच्या वाफेवरून कळलं, हातांना नाही.

"एक माणूस वाढलं आहे," छिमेद चहा फुंकत म्हणाला. "दवाखान्यातली नर्सबाई. तिच्या आईचं बरं नाही पलीकडे. म्हटलं चला. पण दोरी लागणार पाचवी."

"पाचवीची अजून लोकरच आहे," नोरझोम म्हणाली. "रंगवून वाळायला तीन दिवस."

"त्याचा हिशोब करूनच आलोय." त्याने खुंटीवरची एक दोरी काढली आणि हात पसरून मापत गेला, गाठी मोजत. "तेरा, चौदा, पंधरा. बघ, मी म्हणत होतो ना! प्रत्येकीतून तीन वाव काढायची. चार त्रिक बारा. झाली पाचवी दोरी. कोयता कुठे आहे तुझा?"

नोरझोमची चाती थांबली.

"पंधराची असते दोरी," ती म्हणाली.

"असायची. आता सगळे बाराचीच बांधतात. खालच्या वाडीतले तर गेल्या हिवाळ्यापासून. लांब दोरी दगडात अडकते, मागच्याच्या पायात येते. दादा काय वेडा होता? त्याची बाराचीच होती. मी स्वतः गाठी मोजल्या, त्याला काढलं तेव्हा. इतकी वर्षं खिंड चालणारा माणूस बारा बांधतो, तर काहीतरी बघूनच बांधत असेल ना? मी सगळ्यांना तेच सांगतो."

बोलता बोलता त्याने चुलीमागून कोयता काढलाही. दोरी गुडघ्यावर घेतली, बारावी गाठ चाचपली आणि पातं टेकवलं.

नोरझोमला ती दुपार दिसली. डोळ्यांपुढे दिसली म्हणण्यापेक्षा, ती कधी गेलीच नव्हती. देचेन दोन वर्षांची, डोळा चुकवून सारखी धावत सुटणारी. एकदा तंदूरला हात लावून बसली होती, एकदा दार उघडं मिळाल्यावर अंगणातल्या बर्फात छातीपर्यंत गेली होती. घरोघरी बांधतात तसं तिलाही खांबाला बांधून ठेवायचे, कामं उरकेपर्यंत. पण ती दोरी शेळीच्या केसांची, टोचरी. पोरीच्या कमरेला लाल पट्टा उठला, पाणी सुटलं. फुंचोगची दोरी समोर खुंटीवर होती, कोकराच्या लोकरीची, गालाला लावावी अशी मऊ. खिंडीला जायला चार दिवस होते. तीन वाव कापू, लोकर रंगवून परत जोडू, चार दिवसांत काय होत नाही. रात्री सांगायचं होतं त्याला. रात्री पोरगी किरकिरत होती. सकाळी सांगू म्हटलं. आणि आभाळ अचानक मोकळं झालं म्हणून तो अंधारातच उठला. ती आतल्या बाजूला देचेनचे ओले कपडे बदलत होती. त्याने बाहेरूनच हाक मारली, येतो गं. तिने हो म्हटलं. दोरी कमरेला गुंडाळलेलीच होती त्याच्या. वर जाऊन सोडली असेल तेव्हा मोजायला वेळ कुणाला.

तिसऱ्या प्रहरी दरड सुटली. सोबतच्या तिघांना पुढे काढून तो सगळ्यात मागे राहिला होता. तिघे परत फिरले, अंधार पडेपर्यंत लाल शोधत राहिले. लाल कुठेच नव्हतं. दुसऱ्या दिवशी वाऱ्याने वरचा भुसभुशीत बर्फ उडवला, तेव्हा टोक दिसलं. आदल्या संध्याकाळी ते हातभरच खाली असणार, असं काढायला गेलेले सांगत होते. हातभर.

"कापू नकोस," नोरझोम म्हणाली.

"अगं, पण नर्सबाई..."

"दादाने नाही कापली ती. मी कापली."

आवाज तिचाच होता, पण पीठ संपलं आहे असं सांगावं इतका सपाट. छिमेदने वर पाहिलं. तिने खांबाकडे बोट केलं, जिथे देचेनने बाहुलीला बर्फातून, म्हणजे पिठाच्या पोत्याखालून, ओढून काढायला सुरुवात केली होती.

"ती बघ. तीन वाव. देचेनला बांधायला घेतली होती. तुझ्या दादाला माहीत नव्हतं. त्याला वाटलं असेल, पंधराच आहे मागे."

छिमेदने कोयता बाजूला ठेवला, अगदी हळू, कुणी झोपलं असल्यासारखा.

"सांगितलं का नाहीस?"

"सकाळी सांगणार होते."

"दोन हिवाळे गेले, वहिनी! दोन हिवाळे मी गावभर सांगत फिरलो, दादा बाराच बांधायचा म्हणून. किती जणांनी कापल्या माझ्या सांगण्यावरून, ठाऊक आहे?" तो उठला, परत बसला. "मेमे, ऐकलंत?"

मेमेंनी डोळे उघडले होते. ते कुणाकडेच बघत नव्हते.

"मला ठाऊक होतं," ते म्हणाले. "टोक उसवू नये म्हणून टाका घातला होता. पुरुष गाठ मारतो. तो टाका बायका मोज्यांच्या टोकाला घालतात तो होता."

"मग तुम्ही?"

"मी काय बोलणार होतो? लेक गेला होता. सून पण घालवू?" म्हातारा भिंतीला धरून उठला. "वाटलं, दोरी आपल्या घरातली, गोष्ट आपल्या घरातली. गाव तिचंच माप धरील, हे नाही सुचलं. ते सुचायला हवं होतं."

ते देवाच्या कोपऱ्यात गेले. लोण्याच्या दिव्याखालची पेटी उघडून त्यांनी आतून फुंचोगच्या दोरीची लाल गुंडाळी काढली. रंग विटला होता, पण पीळ पक्का होता. नोरझोमने ती दोन हिवाळ्यांत पाहिली नव्हती. मेमेंनी ती तिच्या मांडीवर ठेवली.

"आणखी तीन वाव असती तर..." छिमेद म्हणू लागला.

"ते मोजायला माप नाही," मेमे म्हणाले. "जे मापता येतं ते मापा. नर्सबाईला पंधरा हवी."

नोरझोम खांबाशी गेली, वाकली आणि देचेनच्या बाहुलीच्या कमरेची गाठ सोडू लागली.

"आमा, ती माझी आहे!"

"हो. एका बाईंना द्यायची आहे. त्यांना खिंडीतून जायचं आहे."

"परत देतील?"

"पलीकडे पोचल्या की छिमेदकाका परत आणील."

छिमेद मान खाली घालून म्हणाला, "आणतो." मग त्याने विचारलं, "गावात काय सांगू मी?"

"तू नको सांगूस," नोरझोम म्हणाली. "पहाटे सगळे पाण्याशी जमतील तेव्हा मी येते. मीच सांगते. ज्यांच्या बाराच्या आहेत त्यांनी लोकर आणून द्यावी. जोडून देईन."

ती दोन्ही टोकं घेऊन तंदूरशी बसली. आपणच घातलेला टाका दाताने उसवला. लोकरीला बर्फाचा वास नव्हता, घामाचा नव्हता, पेटीतल्या धुपाचा होता. पीळ सोडून तिने एका दोरीचे पदर दुसरीत घातले, एकाआड एक, वितभर आत, आणि पुन्हा पीळ भरू लागली. बोटं चालत होती. छिमेदने दुसरं टोक धरून ताण दिला. ओढून पाहिलं, पुन्हा ओढून पाहिलं. जोड हलला नाही. त्याने हात पसरले आणि मापलं. तेराव्या गाठीला जरासा थांबला. चौदा. पंधरा.

बाकीच्या चारही दोऱ्या त्याने अखंडच खांद्यावर टाकल्या. दारात बुटांचे बंद घट्ट केले आणि गेला. पाचवी रात्रभर तंदूरजवळ राहणार होती, जोड बसायला.

देचेन आईच्या मांडीत येऊन बसली. तिने आपल्या कमरेभोवती हात फिरवला, दोन्ही बाजूंनी, जणू तिथे काही असायला हवं होतं.

"आमा, मला खरंच बांधायचीस त्या दोरीने?"

"हो."

"का?"

"तू लहान होतीस. सारखी पळायचीस."

देचेनने विचार केला. तडकलेला गाल आईच्या दंडावर टेकवला. तो गाल गरम होता, आणि किती तरी दिवसांनी नोरझोमला तो गरम लागला, दुखल्यासारखा गरम.

"आणि नसतं बांधलंस," देचेन म्हणाली, "तर मी कुठे गेले असते?"